दोन सूत

एका इंचात आठ सूत असतात.

वडाला सात फेरे घालून उरलेलं सूत शुभा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. जून संपला की त्या डब्याकडे कुणी बघत नाही.

"डावा पाय क्लच. डावा पाय क्लच." शुभाचं हे पाठांतर पोळ्या लाटताना, ओट्याशी उभं राहून.

चारकोप, सेक्टर तीन. एक भरलेली पिशवी दाराशी ठेवलेली आहे. आत दोन नऊवारी, गुडघ्यांना चोळायचं तेल आणि सुकटीची पुडी.

शिकाऊ लायसन्स, दुसऱ्यांदा काढलेलं. मुदत शनिवार, २१ नोव्हेंबर १९८७.

साकीनाक्याच्या शांताबाईंच्या दाराला कुलूप नाही. अडसर आहे.

रविवारी सकाळी भटवाडीच्या चढावर शुभाने क्लच सोडला, हळूच, जसा शिकवला होता तसा, आणि

*

खट्.

सुपारी फुटल्यासारखा आवाज. त्यानंतर गाडी मागे यायला लागली. इंजिन चालू होतं, गिअर पडलेला होता, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडत होतं, पण चाकांना त्याचा पत्ताच नव्हता. मागे कोथिंबीरवाल्याची हातगाडी. शुभाने हँडब्रेक ओढला. कोथिंबिरीच्या दोन हात अलीकडे गाडी थांबली.

गाडी म्हणजे डुक्कर फियाट. फुगीर गाल, गोल पाठ, म्हणून सगळी मुंबई त्या मॉडेलला डुक्कर म्हणायची आणि तिच्या मालकांनाही त्याचं काही वाटायचं नाही. पाच वर्षांपूर्वी ती मुलुंडच्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली, तेव्हाच ती पंचवीस वर्षांची होती.

बाजूच्या सीटवर शुभाचा नवरा बसला होता, नंदकिशोर.

"झटका दिलास," तो म्हणाला.

"नाही दिला."

"क्लच झटक्यात सोडलास. त्याशिवाय एक्सल तुटत नाही."

"एक्सल तुटला हे तुम्हाला बसल्या बसल्या कळलं?"

"शुभा, मी एकोणीस वर्षं ट्रॉम्बेला धातूंच्या प्रयोगशाळेत आहे."

"मग उतरा आणि ढकला."

तो उतरला आणि ढकलायला लागला. कोथिंबीरवालाही आला.

*

एक्सल म्हणजे दांडा. इंजिनाचा जोर मागच्या चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा, हाताएवढा लांब. एका टोकाला दाते, ते गाडीच्या पोटात गिअरमध्ये बसतात. दुसऱ्या टोकाला थाळी, तिला चाक लागतं. मागे असे दोन असतात. उजवा गेला.

शुक्रवारी टेस्ट होती.

भटवाडीत शुभाच्या शेजारी राहणारी मृणालिनी जिन्यातच भेटली. तिच्याकडे नवी मारुती होती, पांढरी, सीटवरचं प्लॅस्टिक अजून न काढलेली.

"डुक्कर गेलं म्हणे तुझं?"

"पाय मोडलाय फक्त."

"अगं, मग माझी गाडी ने ना यार टेस्टला! त्यात काय?"

"तुझा गिअर खाली आहे मृणालिनी. आमचा स्टिअरिंगला. मी खाली हात घालून गिअर शोधत बसले तर इन्स्पेक्टर म्हणेल, बाईंची पर्स पडलीय."

मृणालिनी हसली, पण शुभा घरात आली ती हसत नव्हती. पहिलं शिकाऊ लायसन्स असंच मुदत संपून गेलं होतं, तेव्हा शिकवायचं म्हटलं की नंदकिशोरला रविवारी झोप लागायची. ह्या वेळी तिने आईला शब्द दिला होता. आई, म्हणजे शेवंतीबाई, वर्षभरापूर्वी शुभाच्या भावाबरोबर चारकोपला नव्या घरी राहायला गेल्या. तिथून भटवाडीला यायचं तर बस, लोकल, पुन्हा लोकल, पुन्हा बस. आणि मध्ये दोन पूल चढायचे. शेवंतीबाईंचे गुडघे एक पूलही चढत नव्हते. जावयाने "आणू एकदा" असं अकरा वेळा म्हटलं होतं. शेवटी शुभाने आईला सांगितलं, "बावीस तारखेच्या रविवारी मी येते न्यायला. मी. गाडी घेऊन." त्याच दिवशी आईने पिशवी भरली.

शुक्रवारी टेस्ट हुकली, की शनिवारी मुदत संपली. मग ती पिशवी पुन्हा रिकामी करायला आईला कोण सांगणार?

*

नंदकिशोरचा कागद (सोमवार)

उजवा एक्सल. लांबी ६७३.५ मिमी.
बाहेरून मोजून, आतला भाग आकडेमोडीने.
चूक: ± ०.५ मिमी.
थाळीला भोकं: ४.
दाते: गाडीत अडकलेले. नेहमीचे असावेत.

कुणी न सांगता त्याने सोमवारी रजा टाकली, कागद खिशात घातला आणि कुर्ल्याला जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गेला. एकोणीस वर्षांत त्याने आजारपणाशिवाय रजा घेतली नव्हती. शुभाला नवल वाटलं. बरंही वाटलं.

कुर्ल्यात त्याला मिळालेली उत्तरं, दुकानांच्या क्रमाने:

"डुक्कर का? साहब, वो तो म्युझियम में मिलेगा."

"मिमी क्या होता है? इंच में बोलो."

"नाय."

"नाय. पण दरवाजा आहे, पाहिजे?"

"साहब, पॉइंट पाच को छोड दो, अपने पास पूरा छह सौ तिहत्तर है."

शेवटच्या दुकानात त्याने स्वतःची स्टीलची टेप लावली. सहाशे साडेत्र्याहत्तर. बरोब्बर. पॉइंट पाचसुद्धा निघाला. तो इतका खूश झाला की घरी येताना वडे घेऊन आला.

*

भटवाडीच्या उतारावर, बदामाच्या झाडाखाली मार्तंडचं गॅरेज होतं. मार्तंड मालवणचा, पन्नाशीचा. बोलताना गाडीखालून फक्त त्याचे पाय दिसायचे. मंगळवारी संध्याकाळी त्याने दांडा आत सारला, बाहेर काढला, फिरवला, पुन्हा सारला.

"साहेब, ह्यो जायत नाय."

"लांबी बरोबर आहे."

"लांबी बरोबर आसा. दाते नाय बरोबर. ह्यो नव्या मॉडेलचो. ह्याका बारीक सोळा दाते. आपल्याक जाडे होये." मग तो म्हणाला, "थांबा," आणि त्याने आत अडकलेला तुकडा ठोकून ठोकून बाहेर काढला. बोटभर लांबीचा, ग्रीसने काळा झालेला. दाते दहा.

मार्तंड गाडीखालून सरकत बाहेर आला आणि त्याने तुकड्याचं तुटलेलं तोंड फडक्याने पुसलं.

"वयनीनू, हयसर बघा."

शुभाने वाकून बघितलं. गोल तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट होता, गुळगुळीत. उरलेला चकचकीत, खडीसाखर फोडल्यासारखा.

"काळा पडलाहा, ता जुना. चकचकता, ता आयतवारचा. ह्यो एका दिसात मोडूक नाय. वर्सां झाली असतीत. कोणीतरी कधीतरी मोठो झटको दिल्यान, थयसून चीर गेली. तुमचो पाय फक्त निमित्त."

शुभाने नवऱ्याकडे बघितलं. नंदकिशोरने खिशातून भिंग काढलं, तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. प्रयोगशाळेत तो रोज हेच करायचा.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "जुनी चीर."

"मग? मी झटका दिला?"

"तू नाही दिलास."

"मग कोणी दिला?"

"जुनी गाडी आहे. आधीचा मालक." त्याने भिंग पुसलं. "दातांचा डॉक्टर. काय सांगावं."

*

बुधवारी तो म्हणाला, मी पुन्हा रजा टाकतो. शुभा म्हणाली, नको, मी जाते.

निघण्याआधी ती गॅरेजवर गेली. मार्तंड एका टेम्पोखाली होता आणि शेजारी लेथवर काहीतरी किंचाळत होतं.

"मार्तंडभाऊ, मी निघाले. काय बघून आणू?"

टेम्पोखालून आवाज आला, "वयनीनू, ध्यानात ठेवा... दोन सूत..." पुढचं लेथने खाल्लं.

"काय?"

"दोन सूत! दोन सूत!"

आता, ह्यावर दुसरं कुणी असतं तर त्याने टेम्पोखालच्या पायांशी बसून नीट विचारलं असतं. शुभाला त्याची गरज वाटली नाही. तिचे वडील धाकू परळच्या गिरणीत सूत कातायच्या खात्यात एकतीस वर्षं होते. घरात सूत म्हणजे सूत. दोरा. सुताराचा आणि फिटरचा सूत, इंचाचा आठवा भाग, त्या घरात कधी आलाच नव्हता. मार्तंड दोन दोरे न्यायला सांगतोय हे तिला लख्ख कळलं, आणि का सांगतोय तेही कळलं: एक लांबीला, एक घेराला. कुर्ल्यात मिमी चालत नाहीत हे त्याला माहीत असणार.

घरी येऊन तिने बिस्किटांचा डबा उघडला.

गॅरेजवरून आणलेले एक्सलचे दोन तुकडे तिने वर्तमानपत्रावर एकाला एक लावून ठेवले, तुटलेली तोंडं जुळवून, आणि वडाचं सूत दुहेरी पीळ देऊन त्यांच्या कडेने सोडलं. ओढलं नाही. बाबा सांगायचे, सूत ओढून मोजशील तर ते खोटं बोलतं, ठेवून मोज. दोन्ही टोकांना गाठी मारल्या. दुसरं सूत तिने दात्यांवर गुंडाळलं आणि अंगठ्याने दाबलं. सोडवलं तर पांढऱ्या सुतावर ग्रीसचे काळे ठिपके उठले होते. दहा दाते, दहा ठिपके, प्रत्येकात सारखं अंतर.

ती ते बघत बसली. कुणी हाताने काढायला बसलं असतं तरी इतकं नीट काढता आलं नसतं.

मग नंदकिशोरचा चुकीचा एक्सल तिने जुन्या साडीत गुंडाळला, तो परत द्यायचा होता, आणि बस पकडली. तो इतका जड होता की कंडक्टर म्हणाला, "बाई, मूल उतरवा खाली, सीट रिकामी आहे."

*

कुर्ल्याचा दुकानदार माल परत घ्यायला तयार नव्हता. पण सुतावरचे ठिपके त्याने उजेडात धरून मोजले आणि आत हाक मारून भावाला दाखवले.

"दस दाँत. ये पुराना माल है. इधर नहीं मिलेगा, दीदी. साकीनाके पे शांताबाई के पास जाओ. मिला तो उधर, नहीं तो कहीं नहीं."

साकीनाक्याला मोठ्या रस्त्याच्या मागे पत्र्याची एक लांब शेड. आत गाड्यांची हाडं: बंपर, डायनॅमो, स्टिअरिंगची वर्तुळं खिळ्यांना टांगलेली. मध्ये लोखंडी खुर्चीवर शांताबाई. साठीच्या, कपाळावर ठसठशीत गोंदण, हातात पान.

"काय पाहिजे?"

"डुकराचा एक्सल."

"कुठल्या साइडचा?"

"ड्रायव्हर साइडचा."

"ड्रायव्हर कुठंय?"

"मीच."

शांताबाईंनी तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. मग सुताकडे बघितलं.

"हे वडाचं सूत ना गं?"

"हो. उरलेलं."

"एक्सलला सात फेरे घालणार? जन्मोजन्मी हाच मिळू दे म्हणून?"

"सात जन्म नकोत. येत्या रविवारपर्यंत टिकला तरी बास."

शांताबाई इतक्या हसल्या की पान सांडलं. "जा, शोध. उजव्या हाताचा ढीग."

शुभाने ढीग उपसला. पदर खोचून, एक एक दांडा काढून, आधी दात्यांवर ठिपक्यांचं सूत, जमलं तर लांबीचं. अठरा दांडे. दोन दांड्यांचे दाते दहा निघाले, पण एक वीतभर जास्त लांब होता, दुसरा टेम्पोचा होता. एक वाजला. हात कोपरापर्यंत काळे झाले. ढिगाखालची जमीन दिसायला लागली.

"नाही ना?" शांताबाई म्हणाल्या. "चल मग, मी जेवायला जाते. तू पण घरी जा, पोरी."

शुभा बाहेर आली. शांताबाईंनी दाराच्या दोन्ही फळ्या ओढल्या, भिंतीला टेकवलेला अडसर उचलला आणि बाहेरच्या दोन कड्यांतून सारला. अडसर कडीपाशी अडला, कारण त्याच्या टोकाला थाळी होती. थाळीला चार भोकं होती.

"शांताबाई!"

"काय झालं गं ओरडायला?"

"तुमचा अडसर..."

"तो माझ्या नवऱ्याने लावलाय. तेवीस वर्षं झाली."

"एकदा मोजू द्या."

दुसऱ्या टोकाचे दाते हात लागून लागून गुळगुळीत झाले नव्हते. त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला होता, हाताला टोचू नये म्हणून. शुभाने ट्यूब सोलली. आत दाते नवे होते. ठिपक्यांचं सूत गुंडाळलं. एक, दोन, तीन... दहा. प्रत्येक ठिपका दात्यावर.

मग लांबीचं. सूत दांड्यापेक्षा थोडं जास्त निघालं. तांदळाच्या दाण्याएवढं.

शुभा तिथेच उकिडवी बसली. दाणाभर कमी. नंदकिशोरचा पॉइंट पाचपर्यंत बरोबर होता आणि बसला नाही. हा दाणाभर चुकत होता. सूत ओलं झालं असेल? ओढलं गेलं असेल? नाही, तिने ठेवून मोजलं होतं. दाणा खरा होता.

"हा मला द्या," ती म्हणाली.

"आणि माझं दार?"

शुभाने दांड्याभोवतीची जुनी साडी सोडली. नंदकिशोरचा एक्सल शांताबाईंनी उचलून बघितला, कड्यांतून सारला. थाळी कडीवर चपखल बसली. त्यांनी दार हलवून बघितलं, लाथ मारून बघितली.

"हा जास्त चांगला आहे," शांताबाई म्हणाल्या. मग वाईट वाटून म्हणाल्या, "तुला नक्की तोच पाहिजे?"

*

गुरुवारी मार्तंडने दांडा आत सारला. शुभा आणि नंदकिशोर बदामाखाली उभे होते. शुभाने दाण्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आतून टक् असा आवाज आला. मग दांडा फिरल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही.

"वयनीनू," गाडीखालून मार्तंड म्हणाला, "सूत जमला."

"थोडा आखूड आहे का हो?" तिने विचारलं. "दाणाभर?"

"दोन सूत आखूड आसा. मग मी काय सांगी होतंय? दोन सूत कमी चलात, जास्ती नको. म्हणानच तर बोंबलत होतंय!"

"तुम्ही दोन सूत न्या म्हणालात ना?"

गाडीखालचे पाय थांबले. मार्तंड सरकत बाहेर आला. शुभाने पिशवीतून दोन्ही सुतं काढली, गाठींचं आणि ठिपक्यांचं. मार्तंडने ती बघितली, नंदकिशोरने बघितली. मग मार्तंड ग्रीसच्या हातांनीच तोंड झाकून हसायला लागला.

"तुमी दोऱ्ये घेवन गेलात? वडाचे? आनि त्येच्यार एक्सल गावलो?" तो लेथवाल्याला हाका मारायला लागला. "अरे बाळा, हयसर ये, हयसर ये! सूत म्हणजे काय ता बघ!"

नंदकिशोरने ठिपक्यांचं सूत हातावर घेतलं. दोन ठिपक्यांमधलं अंतर त्याने नुसत्या डोळ्यांनी मोजलं असावं, कारण त्याचे ओठ हलले.

"हे मी प्रयोगशाळेत नेऊ?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"दाखवायला."

*

शुक्रवारी इन्स्पेक्टरने आधी गाडीभोवती एक फेरी मारली.

"ही अजून चालते?"

"कालपासून," शुभा म्हणाली.

त्याने तिला आठचा आकडा काढायला लावला, मागे घ्यायला लावलं, हात दाखवायला लावला. मग एका चढावर थांबवलं. "हँडब्रेक ओढा. आता सोडा, आणि मागे न येता पुढे न्या."

शुभाने क्लच सोडला, हळूच, जसा शिकवला होता तसा, आणि गाडी पुढे गेली.

*

रविवारी सकाळी साडेनऊला डुक्कर फियाट चारकोपच्या सेक्टर तीनमध्ये शिरली. शेवंतीबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. कधीपासून बसल्यात ते त्यांनी सांगितलं नाही. गाडीत चढताना त्यांना एकही पायरी चढावी लागली नाही. त्यांना पुढे बसवलं, शुभाच्या शेजारी, आणि नंदकिशोर मागे बसला, सुकटीच्या वासाजवळ.

आरशाला लांबीचं सूत टांगलेलं होतं, दोन गाठींचं. शेवंतीबाईंनी ते चिमटीत धरून चोळलं. एकतीस वर्षं त्यांच्या घरी सुताचा धागा नवऱ्याच्या कपड्यांना चिकटून येत होता.

"कच्चं आहे," त्या म्हणाल्या. "पण पीळ चांगला दिलायस."

"बाबांचा आहे."

कांदिवलीच्या सिग्नलला गाडी थांबली, पुन्हा निघाली, आणि शेवंतीबाईंच्या मांडीवरची पिशवी जागची हलली नाही. त्या मान वळवून मागे म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही नाही चालवत आता?"

"नाही," नंदकिशोर म्हणाला. तो मागच्या उजव्या चाकाच्या बाजूला खिडकीतून बघत होता. "ती माझ्यापेक्षा बरी चालवते. क्लच हलका सोडते."

आरशात शुभा हसली. ऊन छान पडलं होतं आणि तिघांच्याही काचा खाली होत्या.

एप्रिल १९८४मध्ये खंडाळ्याच्या घाटात मागचं उजवं चाक चरात अडकलं, तेव्हा नंदकिशोरने पहिल्या गिअरमध्ये तीनदा क्लच झटक्यात सोडून गाडी बाहेर काढली. गाडीत तो एकटाच होता.